सोलो सर्किटमधला अपघात आणि उजव्या सीटवरचा आवाज

उजवी सीट

नमस्कार मंडळी,

आमच्या फ्लाइंग स्कूलमध्ये नुकताच एका विद्यार्थिनीच्या सोलो (प्रशिक्षकाविना, एकटीच्या) उड्डाणात अपघात झाला. ती सुखरूप आहे, खांद्यावर पट्ट्याचा वळ उठलाय तेवढाच. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. विमानाचं मात्र बरंच नुकसान झालं. नोजव्हील मोडलं, प्रॉप (पुढचा पंखा) धावपट्टीवर आपटून वाकला, फायरवॉलला (इंजिन आणि कॉकपिटमधल्या पत्र्याला) सुरकुत्या पडल्या. विमान सेसना १७२. चौकशी सुरू आहे, त्यामुळे ठिकाण, तारीख, नावं काही लिहिणार नाही आणि प्रतिसादांतही कुणी विचारू नये ही विनंती. मी स्वतः प्रशिक्षक आहे, पण तिची नाही. त्या वेळी एप्रनवर (विमानं उभी करायच्या जागेवर) दुसऱ्या विमानाची पाहणी करत होते, म्हणून शेवटचे काही सेकंद डोळ्यांसमोर घडले.

पहिलं सर्किट, म्हणजे उड्डाण करून एक फेरी मारून परत उतरणं, अगदी नीट झालं. दुसऱ्यात फायनलवर (उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यात) विमान थोडं वर होतं आणि वेगही जास्त वाटत होता. थ्रेशोल्ड (धावपट्टीची सुरुवात) ओलांडल्यावर तिने फ्लेअर केला, म्हणजे टेकण्याआधी नाक हळूहळू वर घेतलं, विमान बराच वेळ तरंगत राहिलं. आकड्यांच्या खुणा मागे पडल्या तरी चाकं टेकेनात. मग ती टेकली, जरा जोरातच, आणि विमान माणसाच्या उंचीइतकं उसळलं. तिने योक (नाक वर-खाली करायचं हँडल) पुढे ढकलला. या वेळी पुढचं चाक आधी टेकलं, दुसरी उडी पहिलीपेक्षा मोठी झाली, नाक आणखी वर गेलं. परत योक पुढे. तिसऱ्यांदा पुढचं चाक टेकलं ते मोडूनच. प्रॉपचा आवाज एकदम बदलला आणि विमान नाकावर घसरत कडेच्या गवतात जाऊन थांबलं. तिने मिक्स्चर, इग्निशन, मास्टर सगळं बंद केलं आणि दार उघडून चालत बाहेर आली. एवढ्या धक्क्यानंतर हे आठवणं सोपं नाही. तिच्या प्रशिक्षकाने शिकवलेलं तिथे कामी आलं, हे नोंदवून ठेवते.

याला पोर्पॉइझिंग म्हणतात. झोका परत येत असताना चुकीच्या क्षणी धक्का द्यावा तसं होतं. माणसाची प्रतिक्रिया विमानापेक्षा अर्धा क्षण मागे असते, म्हणून प्रत्येक दुरुस्ती पुढची उडी वाढवते. ट्रायसायकल गिअरचं (पुढे एक, मागे दोन चाकांचं) विमान मागच्या दोन चाकांवर उतरवायचं असतं. पुढचं चाक जमिनीवर दिशा देण्यासाठी आहे, सगळा भार झेलायला नाही.

उसळायला कारण वेग. फायनलवर ६५ ऐवजी ७५ नॉट असले तर दहाचाच फरक वाटतो, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे जवळपास एक तृतीयांश ऊर्जा जादा, आणि ती कुठेतरी जिरवावी लागते. त्यात सोलोला शेजारची सीट रिकामी. एका माणसाचं वजन कमी झालं की विमान झपकन चढतं, आणि त्याच वेगाने उतरवलं तर जास्त तरंगतं. पंखांच्या विस्ताराहून कमी उंचीवर, १७२ साठी साधारण ११ मीटरच्या खाली, ग्राउंड इफेक्टमुळे, म्हणजे जमिनीच्या जवळिकीमुळे, हवेचा विरोधही (ड्रॅग) घटतो. हे सगळं प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं. तिलाही होतं.

म्हणूनच ‘योक ढकलायला नको होता’ इथे थांबून मला चर्चा संपवायची नाही. फायनलवर जास्त वेग दिसत होता, गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर जाणं) तिथेच करता आला असता. पहिल्या उडीनंतरही करता आला असता. तो का झाला नाही?

मला वाटतं याचं उत्तर ड्युअल (प्रशिक्षकासह केलेल्या) उड्डाणांत आहे. आम्ही प्रशिक्षक सीटवर गप्प नसतो. ‘रडर.’ ‘वेग बघ.’ ‘धर, धर, अजून धर.’ बोललो नाही तरी पुढे वाकतो, श्वास रोखतो, हात थ्रॉटलच्या जवळ नेतो. पाय पेडलवर हलके टेकलेले असतात. विद्यार्थी विमान शिकतो, तसा आम्हालाही शिकतो. फ्लेअरची वेळ त्याला धावपट्टीच्या कडा पसरताना दिसतात म्हणून कळते, की माझ्या ‘आता’वरून, हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. लॉगबुकात चांगली लँडिंग जमा होतात. मग एक दिवस आम्ही दार उघडून उतरतो आणि तो आवाजही आमच्याबरोबर खाली उतरतो.

अमेरिकेच्या नियमांत सोलोआधी लेखी चाचणी असते, गो-अराउंडसह ठरावीक सराव असतो, आणि प्रशिक्षकाची सही ९० दिवसांपुरतीच चालते. चांगले नियम आहेत. पण विद्यार्थ्याने गो-अराउंड स्वतःहून केला की मी ‘गो अराउंड’ म्हटल्यावर केला, हा फरक सहीत दिसत नाही. सोलोला नेमका तोच फरक लागतो.

माझं म्हणणं असं की सोलोआधीच्या ड्युअलमध्ये प्रशिक्षकाने लाइन-अपपासून टॅक्सी-बॅकपर्यंत (धावपट्टीवर उभं राहण्यापासून उतरून परत सुरुवातीला येईपर्यंत) अवाक्षर काढू नये. हात मांडीवर, पाय फ्लोअरवर. विमान वर आहे, वेग जास्त आहे, तरी गप्प. सुरक्षिततेची रेघ ओलांडली जातेय असं दिसलं तरच विमान हातात घ्यायचं. विद्यार्थ्याने वाईट अप्रोच स्वतः ओळखून, स्वतः ठरवून सोडला, हे दिसल्याशिवाय त्याला सोलोला पाठवायचं नाही. तुम्हाला काय वाटतं?

---

विंडसॉक

मुलगी सुखरूप आहे हे वाचून हायसं वाटलं. मी वैमानिक नाही, विमानांचं वेड मात्र लहानपणापासून. एक शंका: विमान उसळलं की नाक खाली करणं हीच तर कुणाचीही पहिली प्रतिक्रिया असणार. मग करायचं काय असतं?

---

उजवी सीट

@विंडसॉक, बरोबर आहे, अंगात भिनलेली प्रतिक्रिया तीच असते. जमीन दूर गेली, नाक वर गेलं, म्हणून ढकललं. पण त्या क्षणी वेग आधीच कमी झालेला असतो. नाक खाली केलं की विमान पुढच्या चाकावर पडतं. आणखी वर खेचलं तर जमिनीपासून दोन-तीन मीटरवर स्टॉल होऊन (पंखांची उचल संपून) मागची चाकं आदळतात. दोन्ही वाईट.

उडी लहान असेल तर नाक लँडिंगच्या स्थितीत धरून ठेवायचं, हवी तर थोडी पॉवर द्यायची आणि विमानाला परत खाली बसू द्यायचं. उडी मोठी असेल, किंवा मोठी की लहान हे कळत नसेल, तर फुल थ्रॉटल आणि गो-अराउंड. दुसरी उडी झाली तर विचार करायचाच नाही, थेट पॉवर. प्रशिक्षकांमध्ये म्हणतात की नोज गिअर तिसऱ्या उडीला जातं. मी पाहिलं तेही तसंच.

---

हँगरमधून

ताई, धागा काढलात ते फार बरं केलंत. मी मेंटेनन्स इंजिनिअर. आमच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो.

१७२ चा नोज स्ट्रट फायरवॉलला बसवलेला असतो. पुढच्या चाकावर जोराचा आघात झाला की ताण तिथे जातो. चाक मोडलं की सगळ्यांना दिसतं, पण चाक शाबूत राहून फायरवॉलचा पत्रा वळलेला मी अनेकदा पाहिलाय. आतून, पेडलच्या मागे टॉर्च मारल्यावर रिव्हेटच्या रांगेशेजारी बारीक लाट दिसते. पेडल जरा अडखळतं. बाहेरून विमान नवंकोरं. दुसऱ्या दिवशी दुसराच विद्यार्थी ते विमान घेऊन निघतो.

प्रॉप जमिनीला लागला तर प्रॉप बदलून भागत नाही. फिरणारं इंजिन अचानक अडतं आणि तो धक्का क्रँकशाफ्ट, त्याच्या मागच्या टोकाचा गिअर आणि बोल्टपर्यंत पोचतो. लायकमिंग या इंजिन-कंपनीचं सर्व्हिस बुलेटिन ५३३ याच विषयावर आहे. इंजिन उघडून तपासावं लागतं. ‘टोकालाच तर लागलं, फाइल मारून घेऊ’ म्हणणारे भेटतात, त्यांच्याशी मी कायम भांडत आलोय.

म्हणून विद्यार्थ्यांना कळकळीने सांगतो. लँडिंग जोरात झालं असं मनात जरी आलं तरी टेक लॉगमध्ये (विमानाच्या नोंदवहीत) लिहा, आम्हाला येऊन सांगा. तपासात काही निघालं नाही तर आमचा तासभर गेला, त्याचं काही वाटत नाही. न सांगितलेलं हार्ड लँडिंग पुढच्याच्या जिवावर बेततं. पण मूल येऊन सांगणार कधी? आधी ज्याने सांगितलं त्याला ओरडा बसला नाही हे त्याने पाहिलं असेल तेव्हाच.

---

मोकळं आभाळ

हँगरमधून यांच्या शेवटच्या वाक्याला +१. यावरूनच विचारते, या मुलीचं पुढे काय होणार? चौकशीत तिची चूक निघाली तर उड्डाण बंदच का?

---

जुनी पाटी

@मोकळं आभाळ, अपघाताची चौकशी आणि शिस्तभंगाची कारवाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची सरमिसळ होते म्हणून लोक घाबरतात. १९४४ च्या शिकागो कराराला जोडलेलं अ‍ॅनेक्स १३ हे अपघात-तपासाचं. ते १९५१ मध्ये पहिल्यांदा स्वीकारलं गेलं. त्यात स्वच्छ लिहिलंय की तपासाचा एकमेव उद्देश अपघात टाळणं हा आहे, दोष किंवा जबाबदारी कुणाच्या माथी मारणं हा नाही. अमेरिकेत नासा १९७६ पासून एक गोपनीय नोंद-यंत्रणा चालवते. वैमानिक, कंट्रोलर, मेकॅनिक कुणीही आपल्या हातून काय घडलं ते तिथे कळवू शकतं, आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकल्यावरच तो मजकूर अभ्यासाला जातो. ही यंत्रणा नियामकाने स्वतःकडे न ठेवता नासाकडे दिली, त्यामागे विश्वासाचाच विचार होता.

अशा अपघातानंतर विद्यार्थ्याला साधारणपणे परत ड्युअलवर घेतात, लँडिंगवर काम करतात, मग पुन्हा सोलो. बंदी वगैरे मनात आणू नका.

आता धाग्याच्या मूळ मुद्द्याकडे. उजवी सीट ताईंशी मी अर्धाच सहमत आहे. मीही बरीच वर्षं शिकवलंय. गप्प बसण्याचा मुद्दा चांगलाच आहे, पण निर्णय फ्लेअरपर्यंत लांबवायचाच कशाला? ३०० फुटांवर एक फाटक ठरवून द्या. तिथे वेग ठरलेल्या वेगाच्या पाच नॉटच्या आत, फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) लागलेले, विमान मध्यरेषेवर, उतरण्याचा दर स्थिर. यातलं एक जरी नसेल तर जायचं वर. वीस उड्डाणं झालेल्या पोराला फ्लेअरमध्ये ‘हे जमेल की नाही’ असा न्यायनिवाडा करायला लावणं मला पटत नाही. त्याला आकडा द्या.

आणि गो-अराउंड हा रामबाण उपाय असल्यासारखं लिहिलं जातंय, त्याची मला खरी काळजी वाटते. नवशिक्याच्या हातात तोच जास्त धोकादायक ठरू शकतो. फायनलवर विमान पूर्ण फ्लॅपमध्ये, कमी वेगाला, नाक-वर ट्रिम केलेलं (नाक आपोआप वर राहील असं लावलेलं) असतं. फुल पॉवर दिली की नाक आपोआप वर उसळतं आणि डावीकडे ओढ बसते. उजवा रडर (पायाच्या पेडलने चालणारं शेपटीचं सुकाणू) आणि पुढे दाब देऊन हाताने ते रोखावं लागतं. त्यात कुणी घाबरून फ्लॅप एकदम शून्यावर घेतले तर विमान खाली बसतं. हँडबुकातला क्रम स्पष्ट आहे: फुल थ्रॉटल, फ्लॅप २० अंशांवर, ६० नॉट, मग १० अंश, अडथळे पार झाल्यावर सुरक्षित उंचीला शून्य. आणि १५२ किंवा जुन्या १७२ मध्ये कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ) आत ढकलायची विसरली तर पूर्ण ताकदही मिळत नाही. हे वरच्या हवेत ३००० फुटांवर अनेकदा करून घेतल्याशिवाय ‘शंका आली की गो-अराउंड’ हे नुसतं सुभाषित राहतं.

---

उजवी सीट

@जुनी पाटी, फाटकाचा मुद्दा मान्य, पूर्ण मान्य. गो-अराउंडचा सराव उंचीवर आधी व्हायला हवा हेही. पण ३०० फुटांवर सगळं ठीक असूनही शेवटच्या पन्नास फुटांत वारा बदलतो, फ्लेअर वर होतो, विमान उसळतं. रुंद धावपट्टीवर गेलेला विद्यार्थी आपण खाली आलोय असं वाटून लवकर फ्लेअर करतो, अरुंद धावपट्टीवर याच्या उलट. तिथे आकड्याचं फाटक मागे पडलेलं असतं. म्हणून फाटक हवंच, आणि त्यापुढे चाकं स्थिरावेपर्यंत विद्यार्थ्याचं स्वतःचं डोकंही चालू हवं. ते डोकं आमच्या आवाजावर चालतंय की त्याच्या डोळ्यांवर, हे सोलोआधी कळायला हवं, एवढाच माझा आग्रह.

---

टॉवरवरून

मी एअर ट्रॅफिक कंट्रोलर आहे. ताईंनी प्रशिक्षकाच्या आवाजाबद्दल लिहिलं, मला रेडिओवरच्या आवाजाबद्दल लिहायचंय. सोलो विद्यार्थ्याच्या कानात दुसरा आवाज असतो तो आमचाच.

१९ जुलै २००६ ला इंग्लंडमध्ये साउथएंड विमानतळाजवळ एक अपघात झाला. सोळा वर्षांचा विद्यार्थी, सुरुवातीच्या सोलोंपैकी एक, सेसना १५०. तो फायनलवर होता आणि मागून वेगवान विमान येत होतं. त्याला फायनल सोडून बाजूला वळायला सांगण्यात आलं. कमी उंची, कमी वेग, उतरण्याच्या तयारीतलं विमान आणि अनपेक्षित सूचना. विमानावरचा ताबा सुटला आणि तो मुलगा दगावला. ब्रिटिश तपास यंत्रणेच्या निष्कर्षाचा गाभा असा की ज्या परिस्थितीसाठी त्याला तयारच केलेलं नव्हतं, अशा परिस्थितीत तो सापडला.

आमच्या प्रशिक्षणात मी हा अहवाल दर वेळी काढतो. नेहमीचा गो-अराउंड त्याने शिकलेला असतो: सरळ, पॉवर, चढ, सर्किटच्या उंचीला वळण. पण फायनलवरून वळायला सांगणं ही वेगळीच गोष्ट झाली. वळताना लोड फॅक्टर (पंखांवरचा भार) वाढतो आणि स्टॉलचा वेगही. ३० अंश बँकला (कलाला) सात-आठ टक्के, ४५ ला १९ टक्के, ६० ला तब्बल ४१ टक्के. अनुभवी वैमानिक आधी पॉवर देतो, नाक सांभाळतो, मग वळतो आणि सगळ्यात शेवटी आम्हाला उत्तर देतो. नवशिका आज्ञाधारक असतो. आवाज आला की तो आधी उत्तर देतो आणि लगेच वळतो. एवढ्या उंचीवर विमान स्पिनमध्ये (गिरक्या घेत खाली) गेलं तर सावरायला जागाच नसते. एका फेरीच्या स्पिनमधून बाहेर पडायलाच साधारण १००० फूट जातात, आणि फायनलला वळताना उंची असते त्याच्या निम्मी.

ब्रिटनमध्ये अशा विद्यार्थ्याच्या कॉल साइनच्या (रेडिओवरच्या ओळख-नावाच्या) आधी ‘स्टुडंट’ असा शब्द लावतात. कंट्रोलरला लगेच कळतं की याला एका वेळी एकच सूचना द्यायची, साध्या शब्दांत, आणि फायनलवर शक्यतो हातच लावायचा नाही. वेगवान विमानाला थांबवा, ते थांबू शकतं. माझ्या शिफ्टमध्ये सोलो असेल तर प्रशिक्षकाने टॉवरला फोन करून आधी कळवावं, हा माझा कायमचा आग्रह आहे. निम्मे लोक करतात.

उलट बाजूचंही उदाहरण आहे. सप्टेंबर २०१८, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधलं बेव्हर्ली विमानतळ. सतरा वर्षांची विद्यार्थिनी पहिल्या सोलोला निघाली, पायपर वॉरियर. उड्डाण करतानाच उजव्या बाजूचं मुख्य चाक निखळून पडलं. कंट्रोलर आणि तिचा प्रशिक्षक रेडिओवर तिच्याशी बोलत राहिले, तिला घाई करू दिली नाही. विमान खाली टेकून फिरलं आणि थांबलं, ती धडधाकट बाहेर आली. त्याचं रेकॉर्डिंग ऐका. कंट्रोलरचा आवाज एकदाही चढत नाही. ती आधी रडवेली आहे, मग हळूहळू तिची वाक्यं पूर्ण व्हायला लागतात.

---

विंडसॉक

टॉवरवरून, हे वाचून अंगावर काटा आला. साउथएंडच्या मुलाच्या आईवडिलांचा विचार मनातून जात नाहीये. वाचनखूण साठवतोय.

---

पहिलीच भरारी

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितोय. मी सध्या शिकतोय, सोलो जवळ आलीय.

ताई, तुम्ही लिहिलेलं ‘आता’ वाचून मी थबकलो. काल ड्युअलला मुद्दाम लक्ष दिलं. माझे सर थ्रॉटलकडे हात नेतात तेव्हाच मी फ्लेअर सुरू करतो. त्यांना सांगितलं तर ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, उद्या मी खिडकीबाहेर बघत बसतो.

दुसरी गोष्ट जी आम्ही विद्यार्थी आपापसात बोलतो पण सरांसमोर नाही. गो-अराउंड केला की खाली उतरल्यावर सगळे विचारतात ‘काय झालं?’ वाईट लँडिंग कसंबसं सावरलं तर विचारतात ‘कसं होतं?’ या दोन प्रश्नांत फार फरक आहे. त्यात कुणाची किती तासांत सोलो झाली याचा हिशोब वसतिगृहात प्रत्येकाला पाठ. मुलं खराब अप्रोच ओढून नेतात त्याचं हेही एक कारण आहे असं मला मनापासून वाटतं.

एक प्रश्न: पहिल्या काही सोलोंना टच-अँड-गो (टेकून न थांबता पुन्हा उड्डाण) चांगलं की फुल स्टॉप (उतरून पूर्ण थांबणं)?

---

मोकळं आभाळ

@पहिलीच भरारी, माझी मुलगीही शिकतेय. तिने घरी ‘आज गो-अराउंड केला’ असं सांगितलं तेव्हा मी लगेच ‘अगं बाई, का?’ म्हणाले आणि तिचा चेहरा पडला. तुमचं वाचून आता कळतंय. पालकांनी काय विचारावं, कुणी सांगाल का? आम्हाला यातलं काहीच समजत नाही, पण काळजी तर वाटतेच.

---

जुनी पाटी

@मोकळं आभाळ, किती तास झाले हे विचारूच नका. विचारायचंच असेल तर ‘आज वारा कसा होता?’ विचारा. मुलं त्यावर भरभरून बोलतात आणि बोलता बोलता सगळं सांगून टाकतात. आणि तिने ‘आज मी उड्डाण रद्द केलं’ असं सांगितलं तर एवढंच म्हणा की बरं केलंस. १७२ साठी दाखवून दिलेला क्रॉसविंड (आडवा वारा) १५ नॉट आहे, पण तो कारखान्याच्या सराईत वैमानिकाने दाखवलेला. सोलो विद्यार्थ्याची मर्यादा त्याच्या खूप खाली असते, शाळेगणिक ठरते. वारा त्या मर्यादेच्या जवळ असताना जमिनीवरच थांबणारं मूल चांगलं शिकतंय असं समजा.

@पहिलीच भरारी, फुल स्टॉप. निःसंशय.

---

उजवी सीट

@पहिलीच भरारी, तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग. विद्यार्थ्याचं असं म्हणणं ऐकून दुसऱ्याच दिवशी बदल करणारे प्रशिक्षक थोडे असतात.

फुल स्टॉपच. टच-अँड-गोमध्ये धावपट्टीवर धावत असतानाच फ्लॅप, ट्रिम, कार्ब हीट, पॉवर, सगळं काही सेकंदांत उरकायचं असतं. मान खाली जाते, विमान मध्यरेषा सोडतं, आणि एखादा ट्रिम तसाच राहिला तर टेक-ऑफला नाक भसकन वर जातं. शिवाय लँडिंग कसं झालं याचा विचार करायला उसंतच मिळत नाही. फुल स्टॉप करून टॅक्सी-बॅक केलंस तर त्या दोन-तीन मिनिटांत श्वास खाली बसतो, हात सैल होतात, मागचं लँडिंग मनात एकदा उलगडून बघता येतं. सर्किटं कमी होतील, होऊ देत. आमच्याकडे अपघातानंतर लगेच हा बदल केलाय. सुरुवातीच्या सगळ्या सोलो फुल स्टॉप, प्रत्येक लँडिंगनंतर टॅक्सी-बॅक, आणि प्रशिक्षक हातात रेडिओ घेऊन धावपट्टीजवळ उभा. रेडिओ असला तरी बोलायचं नाही, विद्यार्थ्याने विचारलं किंवा धोका दिसला तरच.

‘काय झालं?’ या प्रश्नाबद्दल तू लिहिलंस ते ब्रीफिंग रूममध्ये तुझं नाव न घेता वाचून दाखवणार आहे, चालेल ना?

---

पहिलीच भरारी

चालेल ताई. अजून एक विचारतो. फायनलवर गो-अराउंड ठरवला आणि त्याच वेळी टॉवर काहीतरी सांगत असेल, तर आधी उत्तर द्यायचं का?

---

टॉवरवरून

नाही. आधी पॉवर, नाक, रडर. विमान चढतंय आणि वेग वाढतोय हे दिसल्यावर ‘गोइंग अराउंड’ एवढे दोनच शब्द, कॉल साइनसह. त्याआधी आम्ही दोनदा विचारलं तरी चालेल. आम्हाला खिडकीतून दिसत असतं. आणि सूचना जमण्यासारखी नसेल तर ‘अनेबल’ (जमणार नाही) म्हण, कारण नंतर विचारू. सोलोच्या दिवशी तुझ्या सरांना आधी टॉवरला फोन करायला सांग.